दवाखान्याजवळ घर म्हणजे नेमकं कोणत्या दवाखान्याजवळ?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. वसमतहून छत्रपती संभाजीनगरला तुमची बदली झाली आहे, ऑफिस क्रांती चौकाजवळ. वडील ६८ वर्षांचे, दीड वर्षापूर्वी नांदेडला अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट बसलेले, शुगर जुनी. आईचे गुडघे पार गेलेले, ऑपरेशन आज ना उद्या करायचंच आहे. घरात तुमची पत्नी आणि चौथीतली मुलगी. भाडं १४ हजारांच्या आत हवं. तीन घरं नजरेत आहेत. बीड बायपासला लिफ्टच्या इमारतीत तिसरा मजला, सिडको एन-६ ला तळमजल्याचं जुनं रो-हाउस, आणि गारखेड्यात पहिला मजला, लिफ्ट नाही. यातलं चांगल्या दवाखान्याच्या सगळ्यात जवळचं कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली १८ वर्षं याच शहरात घरोघरी जाऊन व्यायाम देते. लकवा मारलेले, खुब्याचं हाड मोडलेले, गुडघे बदललेले, हृदयाचं बायपास ऑपरेशन होऊन घरी आलेले असे माझे पेशंट. रोज पाच-सहा दारांपुढे माझी गाडी लागते. दवाखान्यातून सुटी झाल्यावर जे सुरू होतं ते मी बघते, त्यामुळे घर निवडताना लोक कुठे चुकतात हे मला त्यांच्या जिन्यात आणि न्हाणीघरात दिसलं आहे.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर तिन्ही घरं दवाखान्याजवळच आहेत. बायपासच्या बाजूला कमलनयन बजाज हॉस्पिटल आहे, एन-६ ला एमजीएम, गारखेड्यात हेडगेवार रुग्णालय. शहराच्या दुसऱ्या अंगाला पाणचक्कीजवळ घाटी, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे. १९५६ पासून अख्खा मराठवाडा आणि शेजारचे जिल्हे जिच्या भरवशावर आहेत, ती आपली शासकीय घाटी. जालना रोडवर चिकलठाण्याकडे धूत हॉस्पिटल, आणि तिकडेच जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे मिनी घाटी म्हणतात. या शहरात कुठेही राहिलात तरी चार-सहा किलोमीटरच्या आत एखादं मोठं हॉस्पिटल निघतंच. वाळूजच्या बजाजनगरकडे किंवा मिटमिट्याच्या पुढे गेलात तर गोष्ट वेगळी. म्हणून नुसत्या अंतरावर ठरवायला गेलात तर तिन्ही घरं सारखीच वाटतील आणि शेवटी भाडं बघून निर्णय होईल.

माझं म्हणणं असं आहे की किलोमीटर मोजू नका, खेपा मोजा. तुमच्या घरातून दवाखान्याच्या कामासाठी वर्षभरात किती वेळा, कोण, कशासाठी बाहेर पडणार आहे, हे एका कागदावर लिहा. वडिलांना फिजिशियनकडे महिन्या-दीड महिन्याला दाखवावं लागेल. दर तीन महिन्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, मधूनमधून हृदयाच्या डॉक्टरांकडे, वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी. शुगर जुनी असेल तर ही शेवटची कोणी चुकवू नये, आणि सगळेच चुकवतात. आईचं ऑपरेशन झालं की टाके, ड्रेसिंग, एक्स-रे आणि दीड-दोन महिने रोजचा व्यायाम. मुलीचा ताप-खोकला. हे सगळं मिळून वर्षाला पन्नास-साठ खेपा सहज होतात. आणि यातल्या बहुतेक खेपांना मोठं हॉस्पिटल लागतच नाही. लागतो तो एक भरवशाचा फॅमिली डॉक्टर, एक लॅब, एक मेडिकल आणि रिक्षा लवकर मिळेल असा रस्ता.

उरली ती एक खेप. रात्री-बेरात्रीची. ती कदाचित दहा वर्षांत येणार नाही, पण आली तर तिथे मिनिटं मोजावी लागतात. तिचा विचार अगदी वेगळा करायचा असतो.

त्या खेपेत 'सगळ्यात जवळचं हॉस्पिटल' हे उत्तर धोक्याचं आहे. हार्ट अटॅकमध्ये बंद पडलेली नळी लवकर उघडायची असते. पेशंट दारात आल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी आणि ९० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी, असा जगभर धरलेला दंडक आहे. पण त्यासाठी कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खास खोली हवी, ती रात्री चालू करणारी माणसं हवीत, आणि हृदयाचे डॉक्टर फोनवर उठून येणारे हवेत. पाटीवर 'कार्डियाक केअर' लिहिलेलं असणं आणि रात्री दोन वाजता तिथे अँजिओप्लास्टी होणं यात फार अंतर असतं. म्हणून एक काम करा. ज्या दोन-तीन हॉस्पिटलांचा विचार करताय, तिथे स्वतः जा आणि कॅज्युअल्टीच्या, म्हणजे तातडीच्या विभागाच्या काउंटरवर अगदी साध्या शब्दांत विचारा: "रात्री दोनला छातीत दुखणारा पेशंट आणला तर तुमच्याकडे लगेच अँजिओप्लास्टी होते का, की सकाळपर्यंत थांबवता?" हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. चांगल्या ठिकाणी लगेच सरळ उत्तर मिळतं. कोणी गुळमुळीत बोललं तर तेही उत्तरच समजा.

लकव्याचं तर याहून कठीण आहे. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं. माझे एक पेशंट, शाळेतून निवृत्त झालेले काका. पहाटे साडेपाचला उठले तर उजवा हात उचलेना, बोलणं बोबडं. मुलाने घराच्या मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात नेलं, कारण तो दोन मिनिटांवर. तिथे सलाईन लागलं, बीपी बघितलं, डॉक्टर नऊला येतील म्हणाले. नऊला डॉक्टर आले, त्यांनी सीटीला पाठवलं. सीटी सेंटर वेगळीकडे. रिपोर्ट घेऊन मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत साडेअकरा वाजले होते. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचे धडधाकट कधी दिसले होते?" मुलगा म्हणाला, रात्री दहाला, झोपताना. सगळं तिथेच संपलं. झोपेत सुरू झालं असेल तर वेळ तेव्हापासून धरतात जेव्हा माणूस शेवटचा नीट दिसला, आणि पहाटेच मोठ्या ठिकाणी नेलं असतं तरी ते इंजेक्शन मिळालंच असतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मोठ्या स्कॅनवर अजून काही करता येतंय का, हे बघायची संधी तरी मिळाली असती. मी वर्षभर त्यांचा हात हलवत होते. मुलगा दर वेळी दारात उभा राहून मला तेच सांगायचा, "मॅडम, जवळ म्हणून नेलं हो."

म्हणून तुमच्या घरासाठी असं ठरवून ठेवा की छातीचं आणि लकव्याचं काही झालं तर अमुक हॉस्पिटल, तिथे जागा नाही म्हणाले तर तमुक. घरातल्या प्रत्येकाला, मुलीलासुद्धा, ती दोन नावं पाठ असली पाहिजेत. आणि वडिलांना शुगर आहे म्हणून एक गोष्ट खास सांगते. जुन्या शुगरच्या माणसाला अटॅक येताना छातीत दुखेलच असं नाही. नुसता दरदरून घाम, दम लागणं, पोटात मळमळ एवढंच होऊ शकतं. 'पित्त झालंय' म्हणून थांबू नका.

आता रस्ता. आपलं शहर जालना रोडच्या काठीला दोन्हीकडे बांधलेल्या गाठोड्यांसारखं आहे, आणि दक्षिणेला रेल्वेलाइन आडवी गेली आहे. रेल्वेच्या पलीकडे सातारा, देवळाई, बीड बायपास. अलीकडे गारखेडा, शिवाजीनगर, उस्मानपुरा. शिवाजीनगरच्या फाटकाशी या शहरातले लोक वर्षानुवर्षं ताटकळले आहेत. तुम्ही बायपासला राहिलात तर तुमचं ठरलेलं हॉस्पिटल रेल्वेच्या त्याच बाजूला असलेलं बरं. पलीकडचं ठरवलं असेल तर संग्रामनगरच्या पुलावरून की दुसरीकडून, हे आधीच पक्कं करा. बायपासवर जड वाहनं फार, आणि मधूनच रस्ता ओलांडणाऱ्या दुचाक्या. रात्री रस्ता मोकळा असतो, संध्याकाळी सहा ते आठ त्याच अंतराला दुप्पट वेळ लागतो. जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको बसस्टँड इथे उड्डाणपूल आहेत, त्यामुळे सरळ जाणाऱ्याची सोय झाली. पण पुलाखालून वळायचं असेल तर त्याचा फायदा तुम्हाला नाही. हे नकाशात दिसत नाही. एखाद्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला रिक्षा करून त्या घरापासून त्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत जा आणि घड्याळ बघा. मेन गेटपर्यंत नका मोजू, कॅज्युअल्टीचं दार कुठे आहे ते बघा. कित्येक ठिकाणी ते मागून असतं.

गल्ली कशी आहे हेही बघा. आपल्याकडे गुंठेवारीच्या वसाहती पुष्कळ आहेत. तिथे पंधरा फुटांची गल्ली, एका बाजूला दुचाक्या, दुसऱ्या बाजूला पाण्याचं टँकर, आणि लग्नसराईत रस्त्यातच मंडप. १०८ ची गाडी मोफत असते, तिच्यात डॉक्टर असतो, २०१४ पासून या सेवेने किती जीव वाचवलेत ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबून पेशंट शंभर पावलं उचलून आणावा लागला तर तिचा उपयोग निम्मा होतो. पत्ता सांगतानाही फरक पडतो. सिडकोत 'एन-६, अमुक सेक्टर, घर नंबर तमुक' म्हटलं की ड्रायव्हर शोधून येतो. 'गट नंबर अमुक, देवळाच्या मागे तिसरी गल्ली' म्हटलं की कोणाला तरी चौकात उभं राहावं लागतं. घर घेतल्यावर पहिल्याच दिवशी दारावर ठळक अक्षरांत नंबर लिहा.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ती म्हणजे जिना.

दोन वर्षांपूर्वी जवाहर कॉलनीकडे एक आजी होत्या, दुसऱ्या मजल्यावर. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. पंधरा दिवसांनी टाके काढायला न्यायचं होतं. लिफ्ट नव्हती. मुलांनी प्लास्टिकची खुर्ची घेतली, आजींना बसवून कमरेभोवती चादर बांधली, चौघांनी चार पाय धरले. पहिल्या नऊ पायऱ्या नीट गेल्या. वळणावर खुर्ची फिरेना. एकीकडे कठडा, दुसरीकडे शेजाऱ्यांचं चपलांचं स्टँड. खालच्या दोघांना वरच्यांचं वजन आलं, खुर्ची तिरकी झाली, आणि आजींनी भिंतीवरच्या वायरीला हात घातला. काही झालं नाही, देवाची कृपा. पण त्या घरात नंतर दोन महिने आजींना खाली न्यायचा विषयच कोणी काढला नाही. ड्रेसिंगला माणूस घरी बोलावला, एक्स-रे राहून गेला, डोळे तपासायचे राहून गेले. दवाखाना तिथून पाच मिनिटांवर होता.

हे मी वारंवार बघते. जिना माणसाला घरात कोंडतो, आणि कोंडलेल्या माणसाच्या तपासण्या एकेक करून सुटत जातात. तुमच्या आईचे गुडघे आत्ताच गेलेले आहेत. ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं करतात, चालवतात, सगळं छान होतं. पण पहिले काही आठवडे दिवसातून दोनदा पहिला मजला चढणं-उतरणं त्यांना जड जाईल, आणि आत्ता ऑपरेशनच्या आधी तर त्याहून जड. गारखेड्याचं घर बघायला जाल तेव्हा पायऱ्या मोजा. प्रत्येक पायरीची उंची बघा. जुन्या बांधकामात आठ-नऊ इंचांची पायरी असते, ती गुडघ्याला शिक्षा आहे. कठडा दोन्ही बाजूंनी आहे का? वळणावर खुर्ची फिरेल का?

बायपासच्या घराला लिफ्ट आहे म्हणालात. लिफ्टला जनरेटर किंवा बॅटरी बॅकअप आहे का, हे मालकाला नको, वॉचमनला विचारा. लाइट गेल्यावर लिफ्ट बंद पडत असेल तर तुम्ही तिसऱ्या मजल्यावर जिन्यानेच राहताय असं समजून निर्णय घ्या. आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसत नाही, व्हीलचेअर बसते का ते मापून बघा. व्हीलचेअरची रुंदी साधारण पंचवीस-सव्वीस इंच धरा.

घराच्या आत एकच खोली नीट बघा, ती म्हणजे संडास-न्हाणी. कमोड हवा, नसेल तर बसवायची परवानगी मालकाकडून आधीच घ्या. न्हाणीला उंबरा किती आहे? वडीलधाऱ्यांची पडझड मला सगळ्यात जास्त न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आणि रात्रीच्या अंधारात भेटली आहे. कमोडशेजारच्या भिंतीला हाताला धरायची दांडी बसवून घ्या. मालक नको म्हणाला तर दुसरं घर बघा, इतकी ती गोष्ट महत्त्वाची आहे.

पाणी हा दवाखान्याचा विषय वाटत नाही, पण आपल्या शहरात आहे. जायकवाडी पैठणला आहे, धरण भरलेलं असतं, तरी नळाला रोज पाणी नाही. काही भागांत आठवडा उलटतो. सातारा-देवळाई महापालिकेत उशिरा आलेला भाग, तिथे अजून कित्येक इमारती टँकरवर आहेत. पाणी रात्री दोनला येणार आणि तुम्ही ऑफिसच्या कामाने बाहेरगावी, तेव्हा मोटार लावायला आणि ड्रम भरायला कोण उठणार? गुडघ्याची आई आणि स्टेंटचे वडील. जमिनीत हौद आहे का, टाकी किती लिटरची, मोटार आपोआप बंद होते का, हे विचारा. कोणाला पुढे घरी ऑक्सिजनचं मशीन लागायची वेळ आली तर इन्व्हर्टरचंही असंच. ते मशीन तीनशे-साडेतीनशे वॅट खातं, साध्या इन्व्हर्टरवर फार वेळ चालत नाही.

'दवाखान्यासमोरच घर' हवं म्हणणाऱ्यांना मी सहसा थांबवते. माझे एक पेशंट हौसेने हॉस्पिटलच्या अगदी समोर राहायला आले. रात्रभर गाड्यांचे हॉर्न, जनरेटरचा आवाज आणि धूर, नातेवाइकांची गर्दी, दारापुढे लावलेल्या गाड्या. काकांची झोप उडाली, बीपी वाढलं, सात महिन्यांत घर बदललं. दोन-तीन गल्ल्या आत राहिलेलं बरं.

फॅमिली डॉक्टरबद्दल. घराचा करार करण्याआधी हा माणूस शोधा, नंतर नाही. त्या भागातल्या एखाद्या जुन्या मेडिकलवर जाऊन विचारा, "या गल्लीतली म्हातारी माणसं कोणाकडे जातात?" तिथे रोज चिठ्ठ्या येतात, त्यांना सगळं माहीत असतं. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबच्या पोरांनाही विचारा. एमडी फिजिशियन हवा, नियमित बसणारा, आणि गरज पडली तर फोन उचलणारा. दोनशे रुपये जास्त घेणारा चालेल. तुमच्या वडिलांचं आयुष्य पुढच्या काळात कॅथलॅबपेक्षा या माणसाच्या हातात जास्त आहे, कारण बीपी-शुगर-कोलेस्टेरॉल तिथे सांभाळलं गेलं तर ती रात्रीची खेप टळण्याची शक्यता वाढते.

वडिलांच्या चालण्याचाही विचार करा. वसमतला ते रोज सकाळी उठून कुठे तरी जात असतील, चार माणसांत बसत असतील. इथे आल्यावर तेच तुटतं आणि माणूस टीव्हीपुढे बसतो. स्टेंटनंतर रोजचं चालणं हे औषधच आहे. गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे, सकाळी तिथे त्यांच्या वयाची पुष्कळ माणसं दिसतील. एन-६ हून एमजीएमचा परिसर आणि एन-८ चं बोटॅनिकल गार्डन जवळ. बायपासला चालायला सोपी, सपाट, वाहनांपासून सुरक्षित जागा घराजवळ आहे का ते प्रत्यक्ष बघावं लागेल. ती काही सोसायट्यांत आहे, काहींत नाही.

पैशांचं एवढंच सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि रेशनकार्ड कोणत्या रंगाचं हा प्रश्न राहिलेला नाही. पण योजनेतलं हॉस्पिटल म्हणजे तिथला प्रत्येक उपचार योजनेत असं नसतं. हॉस्पिटलमध्ये बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला भेटून 'हृदयाचं बसतं का, गुडघ्याचं बसतं का' असं वेगवेगळं विचारा. १५५३८८ हा योजनेचा फोन. वडील सत्तरीचे झाले की आयुष्मानचं ७० वर्षांवरील लोकांचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, तेही काढून ठेवा. बँकेचा किंवा कंपनीचा विमा असेल तर कॅशलेसच्या यादीत तुमचं ठरलेलं हॉस्पिटल आहे का, हे घर घेण्याआधी बघा. यादीत नसलेल्या हॉस्पिटलच्या दारात राहून रात्री डिपॉझिटसाठी फोन फिरवणारी मुलं मी बघितली आहेत.

माझं सगळं सांगणं तुमच्या घरच्या आजारांना धरून आहे. आजार बदलला तर उत्तर बदलेल. घरात कोणाला डायलिसिस असेल तर आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. वर्षाला दीडशेच्या वर खेपा होतात. तिथे मी म्हणेन की बाकी सगळं सोडा, डायलिसिस सेंटरजवळ राहा. कॅन्सरचं रेडिएशन म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे. त्यासाठी आमखास मैदानाजवळच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात येणाऱ्यांनी अख्खं घर हलवू नये, तेवढ्यापुरती खोली घ्यावी. पत्नीला दिवस गेले असते तर नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग कुठे आहे हे मी आधी विचारलं असतं. नांदेडला जाणाऱ्यांना मी वेगळंच सांगते. तिथलं शासकीय रुग्णालय विष्णुपुरीला, शहराबाहेर, आणि खासगी डॉक्टरांची दाटी गावात. लातूरला शासकीय आणि विवेकानंद दोन्ही शहरातच. प्रत्येक गावाचा नकाशा वेगळा.

तर तुमच्या तीन घरांपैकी मी आधी एन-६ चं रो-हाउस बघेन. तळमजला आहे, पत्ता सापडतो, गाडी दारापर्यंत येते. सिडकोचं बसस्टँड जवळ आहे, आणि ही सोयही लहान नाही. आईच्या ऑपरेशनच्या वेळी वसमतहून मावशी-आत्या राहायला येतील, त्यांची हिंगोली-परभणीकडची बस जालना रोडनेच आत येते. तुमचं ऑफिसही जालना रोडवर सरळ. जुनं रो-हाउस म्हणजे ओल, छताची गळती, न्हाणीची अवस्था, आणि पावसाळ्यात घरात पाणी येतं का हे शेजाऱ्यांना विचारा. तिथे अडचण निघाली तर गारखेडा. भाग म्हणून तो मला तिन्हींत आवडतो, फॅमिली डॉक्टर, लॅब, मेडिकल पायी अंतरावर, पण त्याच भागात तळमजला मिळतोय का ते आधी शोधा, हजार रुपये जास्त गेले तरी. बायपासचं घर तिसऱ्या नंबरवर. तिथे जाऊ नका असं मी म्हणत नाही, लिफ्टचा बॅकअप आणि पाण्याचा हौद दोन्ही पक्कं असेल तर ते तुम्हाला सगळ्यात स्वस्त आणि मोकळं पडेल. घर विकत घेण्याची घाई मात्र आत्ता नको. अकरा महिन्यांचा करार करा. तेवढ्यात आईचं ऑपरेशन होईल, वडिलांचा डॉक्टर ठरेल, आणि कोणत्या बाजूला तुमच्या खेपा जास्त होतात हे तुम्हालाच कळेल.

घर बघायला याल तेव्हा आई-वडिलांना सोबत आणा. आईला स्वतः जिना चढू द्या, न्हाणीत जाऊन येऊ द्या, आणि त्या काय म्हणतात ते ऐका. तुमच्या काळजीपोटी त्या 'चालेल रे' म्हणतील. तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघू नका, कठड्यावरच्या हाताकडे बघा.

आणि सामान हलवायच्या दिवशी नांदेडची फाइल टेम्पोत टाकू नका. डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीची सीडी, शेवटचा ईसीजी, चालू गोळ्यांची यादी. नव्या डॉक्टरला जुना ईसीजी शेजारी ठेवून बघता आला तर नवीन काय झालंय ते पटकन कळतं. सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा आणि मूळ फाइल वडिलांच्या पिशवीत, तुमच्या शेजारी बसमध्ये असू द्या.